पिकअपचं आयडल बसेपर्यंत

६ ऑगस्ट २००६, रविवार
नवी वही. या वहीत फक्त पिकअपबद्दल लिहायचं. घरगुती काही नाही.

वाहन: पेट्रोल पिकअप, मॉडेल १९८१. गुम्मिडिपूंडीच्या आमच्या कारखान्यात फायर सेक्शनकडे होती. लिलावात माझ्या एकट्याचीच बोली. यावरून बाकीच्यांना वाहनांतलं काही कळत नाही हे सिद्ध होतं.

तक्रार: आयडलिंगला, म्हणजे उभ्या जागी इंजिन चालू असताना, थरथरते, मिसिंग करते, सिग्नलला बंद पडते. वेलचेरीला घरी येईपर्यंत अकरा वेळा.

योजना: सप्टेंबरअखेर ठणठणीत करायची आणि शर्मिष्ठा, देविका आणि मी, तिघांनी हिच्यातूनच सोलापूरला जायचं. शर्मिष्ठाच्या बँकेने तिची बदली केली आहे. तिनेच मागून घेतली, तिची आई तिकडे एकटी असते. पाच ऑक्टोबरला हजर व्हायचंय. मलाही तिथल्या एका फाउंड्रीचं पत्र आलंय. होय की नाही ते तीस सप्टेंबरपर्यंत कळवायचं. शर्मिष्ठा विचारत होती, काय ठरवलंस. म्हटलं, आधी पिकअपचं आयडल बसू दे.

(हे घरगुती झालं. पण योजनेत येतं, म्हणून चालेल.)

१३ ऑगस्ट, रविवार
क्वालिटीत अठरा वर्षं काढलेला माणूस मेकॅनिकसारखा कुठेही पाना घालत नाही. पद्धत ठरवली. संशयित आठ. एका वेळी एकच बदल. फरक पडला नाही तर जुना भाग परत बसवायचा, मगच पुढचा संशयित. नाहीतर कशाने काय झालं ते कळणार कसं?

आज प्लग. चारही नवे टाकले. फरक शून्य. नवे काढले, जुने बसवले. नवे का काढतोस, असं शर्मिष्ठाने विचारलं. समजावलं. ती बँकेत आहे, तिला हे समजणं कठीण.

१५ ऑगस्ट, मंगळवार
सुट्टी, म्हणून जादा रविवार धरला. कंडेन्सर बदलला. फरक शून्य. जुना बसवला. नव्यावर ‘निर्दोष’ अशी चिठ्ठी लावून डब्यात टाकला. म्हणजे हा भाग गुन्हेगार नाही, असं.

वरच्या मजल्यावरचे कृष्णस्वामी खाली आले. रेल्वेत लोकोशेडला होते, रिटायर्ड. धूर त्यांच्या पूजेच्या खोलीत जातो म्हणाले. शिवाय, स्टेशनजवळच्या सुब्बाला दाखवा, तो नुसता आवाज ऐकून सांगतो, असा सल्ला. कानाने निदान! मी नुसता हसलो.

२० ऑगस्ट, रविवार
कार्बोरेटर पूर्ण उघडला. जेट साफ केले. देविकाचा जुना ब्रश वापरला. जुना नव्हता, असं नंतर कळलं. सगळं जोडल्यावर एक स्प्रिंग उरली. कंपनीने जादाची दिली असावी.

फरक: थोडा. आता थरथरण्याला एक लय आहे.

२७ ऑगस्ट, रविवार, गणेश चतुर्थी
गणपती पिकअपमधून आणायचं मी गेल्या आठवड्यात जाहीर केलं होतं. गणपती शेअर ऑटोतून आला. देविकाच्या मांडीवर. मी फ्लायओव्हरखाली बॉनेट उघडून होतो. आरतीला पोचलो, शेवटच्या.

आज बदल नाही. सणाला यंत्राला विश्रांती द्यावी.

३ सप्टेंबर, रविवार
कॉइल बदलली. शून्य. जुनी बसवली.

जेवताना शर्मिष्ठाने फाउंड्रीचं पुन्हा विचारलं. आवाज चढवला नाही. सोलापुरात तिला दोनच खोल्या मिळतायत, पण तिघांना पुरतील, असं म्हणाली. मग, यायचं नसेल तर तेही सांग, मी भांडणार नाही, असंही म्हणाली. खरं तर यावर माणसाला काहीतरी वाटायला हवं. मी बराच वेळ वाट पाहिली. काही वाटलं नाही. गॅस्केटचा विचार करत होतो.

१० सप्टेंबर, रविवार
कार्बोरेटरखालचं गॅस्केट. जुन्याला बारीक चीर होती, तिथून हवा खेचत असणार. सापडली चोरी! नवं टाकलं. चालू केली. थरथर तशीच.

म्हणजे चीर निर्दोष. नवं चिठ्ठी लावून डब्यात, चीर पडलेलं गॅस्केट परत बसवलं. हात अडत होता, पण पद्धत म्हणजे पद्धत.

१७ सप्टेंबर, रविवार
सोलापूरच्या शाळेचा फॉर्म. वडिलांची सही. माझे हात ग्रीसने भरलेले, म्हणून सहीशेजारी अंगठाही उमटला. देविका म्हणाली, बाबा, आता तुला अडाणी समजतील. ती हसली, शर्मिष्ठाही हसली. मीही हसलो असेन.

हॉलमध्ये खोके आलेत. माझ्या कपड्यांचं कपाट शर्मिष्ठाने अजून उघडलेलं नाही. तुझं तू बघ, म्हणाली.

डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर: शून्य, शून्य.

२४ सप्टेंबर, रविवार
टायमिंग फिरवलं. कानठळ्या बसतील असा बार झाला. धनलक्ष्मी मामी, म्हणजे कृष्णस्वामींच्या मिसेस, जिन्यात होत्या. डोशाचं पीठ गेलं. संध्याकाळी सोसायटीतले चौघं येऊन अत्यंत सभ्य भाषेत बोलून गेले. टायमिंग पूर्ववत.

संशयित संपले. एकही दोषी नाही. याचा अर्थ पिकअपमध्ये दोष नाही. मग थरथरते का, एवढाच प्रश्न उरतो. प्रगती चांगली आहे.

२९ सप्टेंबर, शुक्रवार
पॅकर्सवाले सामान घेऊन गेले. पिकअपवर विसंबून राहता येणार नाही, असं शर्मिष्ठाने ठरवून टाकलं. तीन तारखेला त्या दोघी ट्रेनने जातील. मला न विचारता. म्हणजे विचारलं होतं. मी एअर फिल्टर झटकत होतो.

३० सप्टेंबर, शनिवार
फाउंड्रीची शेवटची तारीख. शर्मिष्ठाने फोन उचलून माझ्यासमोर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. मी फोनकडे पाहत बसलो. दात काढायच्या आधी भूल देतात, तेव्हा आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो. तसं. फक्त गालापुरतं नाही.

शनिवारी कोण असतं ऑफिसात? सोमवारी करू. सोमवारी दसरा आणि गांधी जयंती. मंगळवारी करू.

१ ऑक्टोबर, रविवार, आयुधपूजा
इथे आज वाहनांची पूजा. आपल्याकडच्या खंडेनवमीसारखीच. यात कमी पडायचं नाही असं ठरवलं. लोकांनी बॉनेटला टिळे लावले. मी म्हटलं, दुखणं जिथे आहे तिथेच लावावं. बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरला, कॉइलला, प्लगच्या चारही वायरींना छान ओलं चंदन लावलं. वर कुंकू. चाकाखाली लिंबू ठेवून सेल्फ मारला. पुढे जाऊन लिंबू चिरडायचं होतं.

आजवर थरथरायची तरी. आज चालूच झाली नाही. ओल्या चंदनातून करंट पळतो, हे अर्ध्या तासाने लक्षात आलं. पुसायला वायरी काढाव्या लागतील, पण पाने, पक्कड, फीलर गेज सगळं देवापुढे हार घालून मांडलेलं. मामींनी बजावलं, उद्यापर्यंत हत्यार उचलायचं नाही. सगळी गॅरेजं बंद.

लिंबू अजून तिथेच आहे.

२ ऑक्टोबर, सोमवार, दसरा
मी आंघोळीला गेलो असताना शर्मिष्ठा सुब्बाला घेऊन आली. मी टॉवेलवर. सुब्बाने लुंगीच्या टोकाने चंदन पुसलं, चालू केली, मान तिरकी करून ऐकलं. मग माझा डबा उघडून ‘निर्दोष’ कंडेन्सर आणि ‘निर्दोष’ गॅस्केट, दोन्ही एकदम बसवलं. वीस मिनिटं.

पिकअप गप्प उभी. चालू आहे हे बघायला हात लावावा लागला.

रेंडुमे पोच्चु सार, असं सुब्बा म्हणाला. दोन्ही गेलेले होते, एकेक बदलून कसं होणार? मी त्याला पद्धत समजावली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि चहा मागितला.

तो गेल्यावर शर्मिष्ठा बॉनेटपाशी उभी राहिली. बसलं आयडल, म्हणाली. मग? मी म्हटलं, गरम झाल्यावर कसं राहतं ते बघायला हवं. ती आत गेली.

३ ऑक्टोबर, मंगळवार
स्टेशनवर पिकअपनेच नेलं. एकाही सिग्नलला बंद पडली नाही. त्यामुळे कुणालाच बोलायला काही मिळालं नाही.

बंद केली तर पुन्हा चालू होईल याची खात्री नव्हती, म्हणून सेंट्रलबाहेर इंजिन चालूच ठेवून आत गेलो. डब्यावर चिकटवलेला चार्ट वाचला. नावं बरोबर आहेत का बघावं, सवय. शर्मिष्ठा, स्त्री, ४१. देविका, स्त्री, १३. खाली विद्याधर, पुरुष, ४५. बर्थ १९.

दोनदा वाचलं. विद्याधर मीच.

माझं तिकीट कधी काढलंस, असं विचारलं. ऑगस्टमध्येच, म्हणाली. सांगितलं का नाही? तर म्हणाली, मी रोज वेगळं काय विचारत होते? तिने एकोणीस नंबरवरची बॅग उचलून खाली ठेवली. माझे चार कपडे तिने त्यात भरले होते. देविका म्हणाली, बाबा, बस ना.

मी म्हणालो, बाहेर इंजिन चालू आहे.

बोलताना ते कारण मला अगदी सबळ वाटलं. शर्मिष्ठाने मान हलवली. बॅग उघडून माझे कपडे काढले आणि एका पिशवीत घालून हातात दिले. मी उतरलो. ट्रेन हलली. खिडकीतून दिसलं, एकोणीस नंबरवर कोणीतरी गृहस्थ पाण्याची बाटली अडकवत होते. तेव्हा वाईट वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि इतकं की बाकावर बसावं लागलं.

बाहेर आलो. पिकअप चालूच होती. चाळीस मिनिटं, एकदाही मिसिंग नाही. शेजारी एक कॉन्स्टेबल उभा होता. खूप ओरडला. मग माझ्या हातातली कपड्यांची पिशवी बघितली आणि कुठे जाताय विचारलं. वेलचेरी म्हटलं. त्याला गिंडीला उतरायचं होतं, तो शेजारी बसला.

वाटेत त्याने डॅशबोर्डवर हात ठेवून पाहिला. नल्ल वंडी सार, चांगली गाडी आहे म्हणाला, आवाजच नाही. फॅमिलीला घेऊन फिरत असाल.

मी हो म्हणालो.