मागच्या खोलीची भिंत

प्रिय रूता,

हे पत्र पाद्रीबाईंच्या हाती देतेय. त्या उद्याच्या विमानानं तिकडे आपल्या बेटावर, आपिआला येताहेत. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी इकडचं तिकडचं बोलत बसते आणि सांगायचं ते राहूनच जातं.

इथं परदेशात आल्यावर पोरिरुआच्या त्या डोंगराच्या सावलीतल्या भाड्याच्या घरात आम्ही दोन हिवाळे काढले. सालोमे तिथं सारखी आजारी असायची, एवढंच तुला माहीत आहे. मागची खोली तिची होती. थंडी पडली की पहाटे ती आमच्या दारात येऊन उभी राहायची. ओठ निळसर, खांदे वरखाली होताहेत, छातीतून बारीक शीळ येतेय. "आई, भिंतीतली बाई माझ्या छातीवर बसते," म्हणायची. सात वर्षांची पोर. फिलिपो बापाच्या लाडानं चेष्टा करायचा, "जाडी आहे का गं ती, तुझ्या आत्याएवढी?" पोरगी हसायची नाही.

सासूबाईंनी मात्र मनावर घेतलं. "केस मोकळे सोडून झोपते, म्हणून भूत धरतं," म्हणत रोज संध्याकाळी तिची घट्ट वेणी घालायच्या, उशाशी प्रार्थना म्हणायच्या. सुट्टीत सालोमे आठवडाभर आत्याकडे राहिली, तर एकदाही धाप लागली नाही. परत आली आणि पहिल्याच पहाटे पुन्हा दारात उभी. त्या दिवशी शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "अजून पोर त्याच खोलीत निजते? आधीच्या भाडेकरूंचा मुलगाही म्हणायचा, कुणीतरी छातीवर बसतं." मी काय केलं असेल? खोलीच्या खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि गॅसचा हीटर तिच्या पलंगाजवळ नेऊन ठेवला. पहाटे काचांवरून पाण्याचे ओघळ वाहत होते आणि पोरीला दम्याच्या पंपानंही श्वास घेता येत नव्हता. अॅम्ब्युलन्समध्ये तिचा हात धरून बसले होते, तेव्हा ती शीळसुद्धा थांबली. ती शांतता मी मरेपर्यंत विसरणार नाही.

वाचली. चार दिवसांनी दवाखान्यातली नर्स एरेना घरी आली. खोलीच्या दारातच थांबून तिनं हवा हुंगली आणि फिलिपोला कपाट सरकवायला लावलं. मागं भिंतीवर काळा डाग होता, जमिनीपासून माझ्या खांद्याएवढा, वर निमुळता, मध्ये रुंद. ओल्या केसाळ कातडीसारखा. खरंच कुणी बाई पाठ करून उभी असावी तसा. सासूबाईंनी क्रुसाची खूण केली. एरेना शांतपणे म्हणाली, "ही बुरशी आहे. भिंत आतून ओली आहे. हिचे कण पोरीच्या श्वासात जातात. त्यात तुमच्या हीटरला धुराडं नाही, त्याची वाफ नि विषारी वायू खोलीतच कोंडतात." आम्ही हीटर टाकून दिला, पोरीला पुढच्या खोलीत निजवलं, दुपारी खिडक्या उघडू लागलो. डाग घासून काढला. अकराव्या दिवशी तो परत आला होता, तसाच, त्याच आकाराचा. मग आम्ही घर सोडलं. सालोमे आता शाळेत पळण्याच्या शर्यतीत उतरते.

आता खरं सांगते. घर सोडताना घरमालकाचा एजंट म्हणाला, होतं तसं करून द्या. फिलिपो कामावर असताना मी ती भिंत पुसली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. कुणालाच काही बोलले नाही. परवा रविवारी तू फोनवर तुझ्या लेकीच्या, तालियाच्या इथल्या नव्या घराचा पत्ता मला वाचून दाखवलास. किती आनंदानं म्हणालीस, "बाळासाठी मागची खोली मिळालीय, नुकतीच रंगवलेली, पांढरीशुभ्र." मी "छान" म्हणाले, रूता. तो रंग माझा आहे. तालिया तिकडून निघण्याआधी हे पत्र तिला वाचून दाखव. तिनं सरळ माझ्याकडे उतरावं, बाळाला तिथं एक रात्रही निजवू नये. नंतर माझ्यावर हवा तेवढा राग काढ. काल मी एजंटच्या ऑफिसात जाऊन सगळं कबूल केलं. तो नुकताच जाऊन ती खोली पाहून आला होता. म्हणाला, "भिंत तर अगदी स्वच्छ आहे, बाई."

तुझीच, तोंड दाखवायला लाजणारी थोरली बहीण,
लोसा