अण्णांच्या पिकअपचा हँडब्रेक

मखमलाबाद, नाशिक
३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. उज्वलाताईस,
सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तू बांधून दिलेल्या चटणीत लसूण नव्हता, ही बाब मी अत्यंत खेदपूर्वक नोंदवतो. चोपन्न वर्षांच्या निष्पाप भावाशी असे वर्तन कोणत्याही शास्त्राला मान्य नाही. चटणी संपली, हा मुद्दा वेगळा.

फोन न करता लिहितो आहे, कारण अण्णांना फोन स्पीकरवर लागतो आणि विषय त्यांच्या जुन्या पिकअपचा आहे. तुला ठाऊक आहेच, दसऱ्याला त्यांनी ती पाइप लावून धुतली, झेंडूची माळ घातली आणि नेहमीच्या सवयीने हँडब्रेक जीव खाऊन ओढला. ओल्या चाकात ब्रेक आवळला तो आवळलाच. आता दांडा खाली येतो, पण मागचं डावं चाक फिरत नाही. पंचवटीतला यादव मेकॅनिक म्हणाला, गाडी घेऊन या. ती हलत नाही म्हणूनच दाखवायची आहे, असं मी दोनदा सांगितलं. तो म्हणाला, मग हलली की आणा. याला न्यायशास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात. तेव्हा येत्या रविवारी मीच पाना हाती घेणार. अण्णा गुरू, त्यांचा हा मुलगा शिष्य.

आशीर्वाद आहेतच, पुढच्या खेपेस लसणासह पाठवावेत.

तुझा,
ज्ञानेश

कळवण
७ नोव्हेंबर २०२५

चि. ज्ञानेश यास अनेक आशीर्वाद.

लसूण तुझ्या पित्ताला भिऊन वगळला. शास्त्र राहू दे आणि पाना खाली ठेव.

भाद्रपदात अण्णांनी भाजीच्या हातगाडीला धडक दिली, ती विसरलास का? वांगी रस्ताभर झाली, माणूस थोडक्यात वाचला. पाय ब्रेकवर आहे की नाही तेच त्यांना कळलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की साखरेने पायाची जाणीव गेली आहे, गाडी बंद करा. अण्णा म्हणाले, डॉक्टरांना गाडीतलं काय कळतं. गेला महिनाभर मी स्वस्थ झोपते आहे ती त्या गंजामुळे. त्यांना नाही म्हणायला तुला जमलं नाही, मलाही नाही. ते काम चाक करतंय, तर करू दे.

शुभांगीवहिनीला आणि अण्णांना माझी आठवण सांग. स्वतःला जप.

तुझी,
ताई

मखमलाबाद
१० नोव्हेंबर २०२५

ती. सौ. उज्वलाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज, सोमवारी पोचलं. काम काल झालं.

पुढच्या चाकांना दगड लावले, मागून गाडी उचलून खाली भक्कम ठोकळे दिले, चाक काढलं. अण्णा खुर्ची टाकून बसले. ब्रेकच्या तारेला तेल सोडून तासभर थांबायला लावलं. शुभांगीचा चहा दोनदा झाला. मग लाकडी हातोडीने ब्रेकचा ड्रम ठोकायला सांगितला, तो एका जागी नाही, गोल फिरत. मी ठोकत होतो, ते डोळे मिटून ऐकत होते. बद्द आवाज येत होता तो एकाएकी मोकळा झाला, आणि मी सांगायच्या आधी ते म्हणाले, सुटला. आत तांबूस भुकटी होती. ती फुंकू नकोस, ओल्या फडक्याने पूस, असं त्यांनी बजावलं. पॉलिश पेपरने सगळं घासलं, जोडलं, गल्लीच्या उतारावर गाडी धरून पाहिली. धरते आणि सुटते.

अण्णांनी शुभांगीला हाक मारून सांगितलं की मास्तरला हे पण येतं बरं का. ताई, धातुरूपं पाठ केली, पदव्या आणल्या, तेव्हा ते हं म्हणाले होते. काल दिवसभर मी काळ्या हातांनी हिंडलो.

अपघात मला आठवत होता. पाना उचलतानाही आठवत होता. तुझं पत्र वेळेवर आलं असतं तरी मी थांबलो असतो, असं छातीठोक सांगता येत नाही.

शनिवारी मळ्यातला झेंडू पंचवटीच्या बाजारात स्वतः पिकअपने नेणार, असं अण्णा आज सकाळी म्हणाले. मी मान डोलावली.

लोभ कागदावर पुरे झाला. शुक्रवारच्या एसटीने तूच ये. मला त्यांच्या पायाची भीती वाटते, आणि त्याहून जास्त माझी. शनिवारी ते चावीसाठी हात पुढे करतील, आणि मी देईन.

तुझा,
ज्ञानेश