आज आई कोण?

गुरुवार, १२ सप्टेंबर १९९१

पुन्हा तेच! मी किटलीला हात घालते न घालते तोच एनिड पुढे — "मेव्हिस, आज आई मी होऊ का?" परदेशातल्या या आमच्या इंग्रज क्लबात साऱ्यांना ठाऊक आहे, गुरुवारचा चहा मीच ओतते. आमची रीतच ती, किटली उचलेल ती आई, मग भले तो मिशीवाला पर्सी का असेना. "हॅमिल्टनमधल्या तमाम इंग्रजांची आई एकच, आमची मेव्हिस!" असं पर्सीच म्हणतो. मी हसून "नको गं, बस" म्हटलं. बसली. पण हातात फडकं घेऊन सारखी बशा पुसत राहिली. स्वच्छतेचा काय हा ताठा!

२६ सप्टेंबर

आजही. "होऊ का आई?" क्लबाच्या अध्यक्षपदाच्या खुर्चीवर डोळा आहे वाटतं. आज किटली, उद्या खुर्ची.

१७ ऑक्टोबर

आज तर तिने सरळ किटलीच्या कानालाच हात घातला. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हटलं — "पोटी मूल नाही म्हणून इथे आई व्हायची हौस भागवतेस का?"

मग पर्सी म्हणाला, "केक काय सुरेख झालाय, नाही?" बाकीचेही केकबद्दलच बोलायला लागले. आभाळ कोसळलं तरी आम्ही केकच वाखाणणार.

एनिडने फडक्याची नीट घडी घातली. "माझंच चुकलं, सॉरी हं," म्हणाली आणि कोट घेऊन गेली.

तिने माफी मागितली! तिने!

१८ ऑक्टोबर

दोन बाळं गेली तिची. दुसऱ्या वेळी हॉस्पिटलात तिच्या उशाशी मीच होते. सगळं माहीत असून बोलले. जीभ झडली कशी नाही माझी!

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आम्हा इंग्रजांची दरवर्षीची पाच नोव्हेंबरची होळी पेटवली, बुजगावणं जाळलं, फटाके झाले. एनिड नाही, तिचा काळ्या गुळाचा केकही नाही. घरी येऊन फोन केला.

"कशी आहेस?"

"ठीक. जराशी सर्दी. तू?"

"ठीक."

मग हवा किती गारठली आहे यावर बोललो आणि ठेवला. 'कशी आहेस' ला 'ठीक' म्हणायचं, हे आईच्या दुधाबरोबर शिकलोय आम्ही. 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द ओठांवर होते. गिळले. भेकड कुठली!

रविवार, २४ नोव्हेंबर

क्लबात नाताळचं पुडिंग ढवळलं. प्रत्येकाने एकदा डाव फिरवायचा आणि मनात काहीतरी मागायचं. मी काय मागितलं ते लिहीत नाही. लिहिलं की फळत नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

पर्सीचा कप भरत होते. त्याने एकदम हात मागे ओढला — मनगट लालभडक. मी खाली पाहिलं. बशीत चहा, टेबलक्लॉथवर चहा, केकवरसुद्धा चहा! आणि माझा हात... वाऱ्यावरच्या पानासारखा. सगळे भरलेल्या बशांतून कप उचलून हसत पीत होते. "फक्कड झालाय हं चहा, मेव्हिस!"

पर्सीला बाजूला घेतलं. "कधीपासून?"

तो बुटांकडे बघत राहिला. "वर्ष झालं असेल. एनिड पुसून घ्यायची ना, मग काही वाटायचं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून... तीच म्हणाली, कुणी बोलायचं नाही."

म्हणून ते फडकं. म्हणून दर गुरुवारी ते "होऊ का?" — माझी अब्रू झाकायला. आणि मी तिचीच वेशीवर टांगली.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

५ डिसेंबर

एनिडकडे गेले. दार उघडून म्हणाली, "कशी आहेस?"

"वाईट," मी म्हटलं. "तुला बोलले तेव्हापासून फार वाईट."

"मीही," ती म्हणाली. आत घेतलं. किटली तिनेच उचलली. 'आई' हा शब्द मात्र दोघींपैकी कुणीच काढला नाही.