पोटॅशची उंच रेघ

१२ ऑगस्ट १९७८, मुंबई
आजपासून तंबाखू बंद. शास्त्रज्ञाला शोभत नाही. (पद लॅब असिस्टंटचं, पण मशीन पुसतो कोण?) गावी इंद्रभानकाकांचा बैल मेला. गव्हाणीत उरलेली सरकीची ढेप, म्हणजे पेंड, पुडीत बांधून आणलीय. तिच्यात काहीतरी विषारी कालवल्याचा काकांचा संशय शेजारच्या जगदेवभाऊवर. म्हटलं, आमच्या लॅबमधलं लेझरचं मशीन सांगेल.

१४ ऑगस्ट, दुपार
सर जेवायला गेले. ढेपेचा कण चिमटीत धरून मशीनमध्ये ठेवला. लेझरचा झटका बसला की कणाची वाफ होते, अणूंना वीज चिकटते, मशीन त्यांना वजनाप्रमाणे वेगळं करतं. कागदावर पोटॅशियमची, म्हणजे पोटॅशची, रेघ पार वर! शेजारी सोडियम, कॅल्शियम. आमच्या गावात पोटॅश खत टाकतो कोण? एकटा जगदेवभाऊ. केस खतम. खुशीत एक चिमूट मळली. शेवटची. सकाळची धरायची नाही.

२७ ऑगस्ट, कामरगावजवळ, घरी
पारावर कागद उलगडला. सरपंच माणिकराव म्हणाले, मुंबईची मशीन कायले खोटं बोलन? ठरलं, पोळ्याला जगदेवचे बैल तोरणाखाली उभे राहणार नाहीत. तो एवढंच म्हणाला की त्या बैलाले म्या माह्या हातानं चारलं हाय, त्याले काहून मारू? वाईट वाटलं. पण विज्ञानापुढे इलाज नाही.

३० ऑगस्ट, मुंबई
सरांना शोध दाखवला. म्हणाले, लेझरखाली पोटॅशियमला वीज चटकन लागते, म्हणून रेघ उंच. उंच म्हणजे जास्त नव्हे. ढेपेत ते असतंच. सोडियम बोटांच्या घामाचं. कॅल्शियम? हात दाखव, म्हणाले. तळव्यावर चुना.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा तसाच परत आणला. रजा टाकली. पोळ्याआधी पारावर उभं राहून सगळं सांगणार. ठाम.

१ सप्टेंबर, घरी
घरोघरी उद्याच्या पोळ्यासाठी बैलांचे खांदे शेकणं चाललंय. सणाच्या तोंडावर नको. उद्या सकाळी.

२ सप्टेंबर, पोळा
सकाळी सरपंच पूजेत. दुपारी डफडी सुरू, माझं कोण ऐकणार? तोरण तुटलं, पोळा फुटला.
जगदेवभाऊच्या गोठ्यात गेलो. बैलांची शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, दोघं दावणीला. म्हटलं, माझी चूक झाली, तुम्ही काही केलं नाही. तो म्हणाला, मले सांगून काय फायदा? मले तं मालूमच होतं. पारावर सांग.
मग बटवा काढला, तंबाखू मळली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली.
पारावर सांगायला हो म्हणालोय. पण उद्या पहाटे पहिल्या एसटीनं निघावं लागेल. सरांना दोनच दिवस सांगितले होते.