मनीषाचा शुक्रवार

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी गाडी वढ्यापातूर गेली आणि माघारी आली. तनूची लेझीम ओट्यावरच ऱ्हायली हुती. म्या ती हातात धरून उभीच. मनीषानं काच खाली केली, लेझीम घेतली आणि तेवढ्यात सांगून बी टाकलं, "आई, कुकर तीन शिट्ट्यांना बंद करा, ससा वाळत घातलाय तो उलटा करा, पेंड भिजवलीय." गेली. मागं पोरं दात काढत हुती. ससा म्हंजी ओम्याचा पांढरा डरेस. ओम्या पैलीत, गॅदरिंगला ससा झालाय. एक कान शिवायचा ऱ्हायलाय.

आमची सून गाडी चालवती. वाडीतली आठ पोरं वेल्ह्याला शाळेत सोडती, संध्याकाळी आणती, त्यात आमची दोन. मधल्या येळात रान, म्हस, डेरीचं दूध, माझा गुडघा. आणि मोबाईलवर शाळेचा गुरूप. टिंग वाजलं की समजायचं, उद्या काय तरी न्यायचंय. आज पाच पानं पाच झाडांची. ती म्या गोळा केली. आंब्याची दोन झाली म्हणून तनू वरडली.

मनीषा लिव्हताना हात भरून येतो. हितनं पुढं नुसतं म.

३ डिसें., बुधवार

गॅदरिंग १२ तारखेला, शुक्रवारी. तनू सहावीत. औंदा लेझमीच्या पथकात म्होरं ती. सर शिट्टी मारणार आणि तनू पाऊल टाकणार, मग बाकीच्या वीस पोरी.

संध्याकाळी माझे केस विंचरताना म्हणली, "आज्जी, मम्मी या टायमाला बसंल का गं खुर्चीवर?"

म्हंजी झालंय असं. मागल्या साली म. पोरं सोडून रानात आली, भारे उचलून परत गेली, तवर तनूचा नाच संपून पोरी वाकून नमस्कार करत हुत्या. त्याच्या आदल्या साली म्हस वीत हुती. त्याच्या आदी ओम्या तापानं फणफणलेला. तनू शाळंत जायला लागल्यापासनं म.नं तिचा एक बी कार्यक्रम पुरा बघितला न्हाई. समद्या वाडीच्या पोरांना तितं पोचवणारी हीच.

म्या म्हणलं, "बसंल. पैल्या वळीत बसंल." बोलून बसले.

४ डिसें., गुरुवार

भाताचे भारे खळ्यावर पडून हायेत. आभाळ भरून येतंय रोज दुपारी, तोरण्याचा माथा दिसत न्हाई. संजय, माझा ल्योक, पुण्याला कंपनीत, त्याची शिफ्ट. रविवारी एक दिस येतो, त्यातला अर्धा झोपतो. म्हंजी झोडणी म.च्याच गळ्यात.

मग मला सुचलं. इर्जिक घालायची! शुक्रवारीच! समदी वाडी येऊन एका दिसात भात झोडून देईल, म. तिकडं खुर्चीवर. काठी घेतली आणि घरोघर सांगत सुटले. अकरा घरं. सहा ठिकाणी च्या झाला, नको म्हणता येत न्हाई. पंधरा माणूस कबूल. ठकूबाईच्या घरी कुलूप, तिला निरोप ठेवला. ठकूबाई म्हंजी माझी शेजारीण, माझ्याच वयाची, तोंड तेवढं तरणं.

लगीन होऊन आल्यापासनं मी येवढी खूश झाले न्हवते. गुडघा दुखतोय, दुखू दे.

५ डिसें., शुक्रवार

म.ला सांगितलं. ती धारंची बादली हातात घेऊन उभी हुती, तशीच उंबऱ्यावर खाली बसली. "खरंच आई? सगळे येतो म्हणले?" म्या म्हणलं, "मग! तू आपली जांभळी साडी काढ."

तेवढ्यात ठकूबाई आली. आली ती हसतच.

"काय गं, शुक्रवारी इर्जिक म्हणं तुझी?"

"व्हय."

"आणि सून शाळंत?"

"व्हय की."

"आगं मग पंधरा माणसांना भाकरी कोण थापणार? सून गाडीत आणि तू गुडघ्यात!"

देवा. इर्जिकीला जेवाण घरधनीणीचं आसतं. त्याच्याबिगर इर्जिक कुठली? तीच एक मजुरी, तोच मान. चाळीस वर्षं म्या इर्जिकी वाढल्या आणि नेमकं तेवढंच इसरले. सुनंला मोकळं करायला गेले आणि पंधरा माणसांचं जेवाण तिच्याच डोक्यावर ठेवलं.

म. रागावली न्हाई, त्ये जास्त लागलं. म्हणली, "आसू द्या आई. मी पोरं सोडून माघारी येते. जेवणं झाली की जाईन परत."

लेझीम बाराला हाय. बारालाच पंगत.

तनू चूल फुकत हुती. म्हणली, "चालंल मम्मी. सर व्हिडिओ काढणारेत." आणि चूल पेटली हुती तरी फुकतच ऱ्हायली.

६ डिसें., शनिवार

दिस बदलून बघितला. जमत न्हाई. शनिवारी ठकूबाईची झोडणी, रविवारी वरच्या आळीची, पुढं पण ठरलेलं. शब्द फिरवला तर समद्यांचं इस्कटतं.

ठकूबाई म्हणली, "आमी आमच्या भाकऱ्या बांधून आणतो, त्यात काय?"

"माझ्या दारात? भाकरी बांधून माणसं सुतकाच्या घरी जात्यात. माझ्याकडं भात आलंय, कुणी मेलं न्हाई."

"मर तिकडं," म्हणली आणि गेली. संध्याकाळी वाल पापडी दिली पाठवून. म्हंजी रागावलेली न्हाई.

७ डिसें., रविवार

संजय आला. म्हणला, "आये, आमटी मी करतो की." शुक्रवारची रजा मिळाली न्हाई तरी म्हणतो करतो. पुण्यातनं करणार का! आमी तिघी हसलो. त्यो पण हसला. मग दिवसभर त्यानं एकट्यानं जमंल तेवढं झोडलं, संध्याकाळी हात वर होईना. गाडी धुवायची ऱ्हायली ती ओम्यानं धुतली. निम्मी. उंची पुरली तितकी.

म्या एकटीनं भाकरी करून बघितल्या, बसून. नवव्या भाकरीला उठता येईना. म.नं बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं.

८ डिसें., सोमवार

आज मनाशी लई भांडले.

गुंजवण्याला विहीणबाई हायेत. म.ची आई, सरूबाई. त्यांच्या हातच्या भाकरीला ह्या खोऱ्यात जोड न्हाई, हे खरं हाय आणि हे म्या कधी तोंडानं म्हणलं न्हाई. उलट लग्नात म्हणले हुते, "पोळीचा काठ जाड हाय." चौदा वरसं झाली. त्यांनी एकदा बी तो इषय काढला न्हाई. एकदा बी इसरल्या न्हाईत.

आणि लेकीच्या सासरी विहीण येती ती पाटावर बसायला. तिला परातीवर कुणी बसवतं का?

दुपारी देवळाच्या पायरीवर जाऊन फोन लावला, तितंच रेंज येती. घंटा वाजत ऱ्हायली तवा वाटलं, उचलू नये. उचलला.

म्या सगळं सांगितलं. इर्जिक, भाकऱ्या, बारा वाजताची लेझीम. मग म्हणलं, "तुमाला काम सांगत न्हाई. नुसतं कानावर घातलं."

विहीणबाईंनी समदं ऐकून घेतलं.

मग म्हणल्या, "आहो विहीणबाई, माझी लेक एक दिस बसून कार्यक्रम बघणार आसंल तर म्या तुमच्या चुलीपुढं आठ दिस बसंन. पर तवा माझा आणणार."

"का? आमच्यात तवे न्हाईत?"

"हायेत. काठ जाड येतो त्येच्यावर."

पायरीवर एकटीच हसत बसले. गुरवाची सून बघून गेली.

१० डिसें., बुधवार

म.ला सांगितलं. ती म्हणली, "आईला भाकऱ्या करायला लावणार? लोक काय म्हणतील?" म्या म्हणलं, "लोकांच्या तोंडात भाकरी आसंल, म्हणतील कशानं?"

गुरूपवर टिंग. सशाला गाजर पायजे, कागदाचं. म.नं वहीच्या लाल पुठ्ठ्याचं केलं, कोयत्याएवढं झालं. ओम्या त्याच्या मागं दिसत न्हाई. राहू दे म्हणला, "भारी हाय."

११ डिसें., गुरुवार

विहीणबाई चारच्या एस्टीनं आल्या. पिशवीत लुगडं एक, तवा एक, आणि खाली हिरव्या मिरच्या. म्या पाट मांडला, हळदकुंकू लावलं. बसल्या. पाच मिण्टं बसल्या आसतील. "झालं का तुमचं? आता पीठ दाखवा." पीठ चिमटीत घेऊन म्हणल्या, "जरा जाड दळलंय." सुरुवात झाली.

आभाळ काळं हाय. खळ्यावर ताडपत्री टाकली.

१२ डिसें., शुक्रवार

संध्याकाळी लिव्हती आहे, दिवे लागल्यावर.

म. जांभळी साडी नेसून गाडी चालवत गेली. पायातल्या चपला काढून शेजारी ठेवल्या, साडीत पाय अडकतो म्हणून. आठ पोरं, त्यात एक ससा. जाताना परत काच खाली. "आई, मीठ वरच्या फळीवर, ताडपत्री..." विहीणबाई चुलीपासनं वरडल्या, "जा गं बाई! आमी दोघी मिळून एकशेतीस वरसाच्या हाय, मीठ सापडंल!"

नऊला माणसं आली. खळ्यावर दाणदाण सुरू. विहीणबाई थापायच्या, मी बसून भाजायची, ठकूबाई वाढायची. ठकूबाई म्हणली, "दोन विहिणी एका चुलीला! आता पाऊस आल्याबिगर ऱ्हात न्हाई." आणि आला की खरंच! पाच-धा थेंब. समदी ताडपत्रीकडं पळाली. थेंब थांबले. सगळ्यांनी तिलाच शिव्या दिल्या.

पंगत बसली तवा घड्याळात बारा. मी विहीणबाईंकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. दोघींच्या मधी तव्यावर भाकरी. कुणीच उलटली न्हाई. ठकूबाई वरडली, "आगं जळली!" ती भाकरी आमी दोघींनी निम्मी निम्मी खाल्ली. येवढी ग्वाड... काठ पातळ हुता. म्या तसं सांगितलं. चौदा वरसांनी. विहीणबाई "हं" म्हणल्या आणि दुसरी थापायला घेतली, पर कानातलं डुलत हुतं.

चारला भात सगळं झोडून झालं. पोती आत.

सहाला हारन. वाडीच्या तोंडापासनं वाजवतच आली.

तनू पळत आली ती माझ्या गळ्यात. "आज्जी, पैली वळ! मधली खुर्ची! समदं बघितलं, सुरू व्हायच्या आदीपासनं!" पावनं उशिरा आले, लेझीम एकला झाली, म. बाराच्या आदीपासनं खुर्चीवर बसलेली. पाणी प्यायला सुदिक उठली न्हाई, खुर्ची जाईल म्हणून.

ओम्या ससा हून सगळ्यांच्या आदी टेजवर गेला आणि गाजर खाली ठिवंना. ढकलून उतरवला.

म.ला विचारलं, कसं झालं? ती नुसती हसती. आल्या आल्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली, साडीसकट. मी च्या ठेवला.

१३ डिसें., शनिवार

खरी गोष्ट आज कळली, ती पण तनूकडनं.

मधीच पोरींचं चुकलं. शिट्टी झाली, निम्म्या उजवीकडं, निम्म्या डावीकडं. तनू घाबरून थांबली. तर म. खुर्चीवरनं उभी ऱ्हायली आणि उभ्या जागी पावलं टाकून दाखवली, हात वर करून, पदर खोचून! तनूनं तिच्याकडं बघून पाऊल धरलं, मग समद्या पोरींनी धरलं. मागच्या बाया म्हणाल्या, "आवो बसा, दिसत न्हाई!" तरी बसली न्हाई.

कार्यक्रम झाल्यावर सर आले म्हणं. "ताई, कुठं शिकला?" तर ही शाळंत आसताना लेझमीच्या पथकात म्होरं हुती. चौदा वरसं माझ्या घरात हाय, मला ठाव न्हाई. विहीणबाईंना विचारलं. "व्हय की, भोरला जाऊन बक्षीस आणलं हुतं. तुमी कधी इचारलं न्हाई." खरं हाय. म्या पोळीचं इचारलं.

सर म्हणलेत, दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास या, पोरींना शिकवा. पुढल्या म्हयन्यात भोरला स्पर्धा हाय. सोमवारपातूर कळवा.

म.नं हे घरात कुणालाच सांगितलं न्हाई.

ठकूबाईच्या झोडणीला गेले. तिथं म. शेजारीच भारे देत हुती. मला वाटलं आत्ता बोलंल. "आई, पाणी देऊ का?" येवढंच.

१४ डिसें., रविवार

विहीणबाई सकाळच्या एस्टीनं गेल्या. तवा हितंच ठेवून गेल्या. "लागंल परत," म्हणल्या. कशाला लागंल ते सांगितलं न्हाई.

संजय आलाय. त्याला तनूनं सगळं सांगितलं. तो म्हणतो, "जाऊ दे की तिला, शनिवारची धार मी..." आणि थांबला. शनिवारी तो कंपनीत आसतो. मग म्हणला, "बघू." म्या म्हणलं माझे हात आजून चांगले हायेत, गुडघा म्हशीला दिसत न्हाई. तनू म्हणली मला धार काढायला शिकव. ओम्या म्हणला मला बी. त्याला शेपूट धरायला ठेवू.

म. ह्यातलं काय ऐकत न्हवती, ती गोठ्यात हुती. संध्याकाळी पेंडंचं घमेलं घेऊन मी गेले, तर आतनं धारंचा आवाज, आणि त्यावर बारीक आवाजात म. म्हणत हुती, "एक, दोन, तीन, चार... वळा... एक, दोन..." धार पण त्याच तालावर बादलीत. डावा पाय शेणात मोजून मोजून पडत हुता.

मी दारातच थांबले. आत गेले आसते तर गप झाली आसती.

उद्या सोमवार. सरांना काय सांगणार ते तिनं सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई. आज धारंला दुप्पट येळ लागला. म्हस गप उभी. घमेलं माझ्या हातात, हात भरून आले, तरी खाली ठेवलं न्हाई, वाजलं आसतं.