आप्पांच्या शेजारची जागा

१ फेब्रुवारी, रविवार

पोचलो एकदाचे. निपाणीपासून आप्पांना गाडीच्या मागच्या सीटवर आडवं करून आणलं, डोकं माझ्या मांडीवर. वाटेत एखादं बसस्टँड आलं की मान उचलून बघायचे. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते, सवय कुठं जाते.

घर झकास आहे. बनशंकरीत, तळमजला. पुढं चार कुंड्या, मधोमध हॉल, मागच्या अंगाला आप्पांची खोली, खिडकीशी पेरूचं झाड. वर मालक राहतात, नरसिंह अण्णा आणि पद्मावती अक्का. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी इकडं कानडी मुलखात आले, पण घरात अजून मराठीच. तीही अशी, की दर वाक्याला एक कानडी शब्द फोडणीला. मी सीमाभागातली, मला दोन्ही कळतं, त्यामुळं अक्का माझ्यावर खूश. पाणी स्वल्प जपून वापर म्हणाल्या आणि ताटभर चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला पिवळा भात, देऊन गेल्या.

हॉलच्या मधल्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात पितळेचा दिवा. अक्का रोज दिवेलागणीला खाली उतरून तो लावतात, भाडेकरू कुणीही असो. घर देतानाच त्यांनी तसं सांगितलं होतं. मला काय, दुसऱ्यानं तेल घालायचं आणि पुण्य माझ्या घरात.

गावात झाडून सगळ्यांनी सांगितलं होतं, आप्पांना वृद्धाश्रमात ठेव, कावेरी, नोकरी आणि आजारी माणूस दोन्ही तुला झेपायचं नाही. मी म्हटलं, माझा बाप माझ्याजवळ राहील. बघा म्हणावं आता.

४ फेब्रुवारी, बुधवार

आप्पांच्या अंगावरून वारं गेल्याला वर्ष झालं. डावा हात आणि पाय कायमचे गेले. बोलणंही गेलं. तीन-चार शब्द उरलेत, तेही बसमधले. सरका. बसा. पुढं चला. देवघरातली छोटी घंटी त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलीय. काही हवं असलं की एकदा वाजवतात. सकाळी मी ऑफिसला निघाले की दोनदा. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. गर्दीत बेलच्या दोरीपर्यंत हात पोचला नाही तर बसच्या पत्र्यावर दोन थापा मारायचे, ड्रायव्हरला तेवढं पुरायचं. आज इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बसमध्ये बसले तरी ती डबल बेल आठवून एकटीच हसत होते.

दिवसा त्यांच्याजवळ चंपाताई असते. चिकोडीकडची, हाताला गुण, पण तोंड म्हणजे गुरुवारचा बाजार. शिवाय खोलीत कॅमेरा लावलाय, ऑफिसात फोनवर आप्पा दिसतात.

दिसतात म्हणजे, दिसायला हवेत. आज आप्पांचा घास तोंडाशी गेला आणि चित्र तिथंच थांबलं. ठसका लागला की काय? मीटिंग सोडून फोन केला तर चंपाताई म्हणाली, ते मजेत भात खातायत, तुम्हीच जेवून घ्या.

७ फेब्रुवारी, शनिवार

नेटवाल्यानं येऊन बघितलं. बाहेरून येणारा वेग उत्तम आहे. मग अडतंय ते घरातल्या घरात. नळाला पाणी भरपूर, पण घरातली पाइप तुंबलेली, तसलं. माझं पोट सॉफ्टवेअरच्या चाचण्या करण्यावरच चालतं, तेव्हा हे माझंच काम. हॉलमध्ये राउटरला लॅपटॉप जोडला, हातात फोन घेतला आणि एकाकडून दुसऱ्याकडे माहिती ढकलत घरभर फिरले. हॉलमध्ये वेग सहाशे. स्वयंपाकघरात साडेतीनशे. आप्पांच्या खोलीत चाळीस. राउटर पुढच्या दाराशी आहे, मध्ये दोन जाड भिंती, करणार काय ते.

गंमत म्हणून चंपाताईला मध्ये उभं केलं. वेग एकदम खाली. माणसाचं अंग म्हणजे पाणीच की, लहरी गिळून टाकतं. चंपाताई फुरंगटली. म्हणाली, आता माझ्या जाडीवर यंत्रं पण बोलायला लागली.

राउटर घराच्या मध्यावर, उंचावर हवा. तिथं आहे तो कोनाडा.

८ फेब्रुवारी, रविवार

अण्णा-अक्का आज होसकोट्याला लेकीकडे गेले, नातवाची मुंज आहे. जाताना अक्कांनी दिवा माझ्यावर सोपवला. तेल दाखवलं, वाती दिल्या, एक दिवसही चुकवू नकोस म्हणून दोनदा बजावलं. मी सरी, सरी, म्हणजे बरं, बरं म्हटलं.

ते गेल्यावर राउटर कोनाड्यात बसवला. मापानं केल्यासारखा बसला. दिव्याचं काय करायचं? शब्द दिलाय तर मोडायचा नाही. आप्पांना दिवा आवडतो, म्हणून त्यांच्या पलंगाजवळ स्टुलावर ठेवला आणि तिथंच लावला. दिवा लागल्याशी कारण, कुठं का असेना. आप्पा किती वेळ त्याच्याकडे बघत होते.

खोलीत आता पाचशे. मी स्वतःवर जाम खूश आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

चित्र पुन्हा थांबतंय. दिवसभर लोण्यासारखं चालतं आणि संध्याकाळी अडतं. जुना फोन आप्पांच्या खिडकीत ठेवून त्याच्यावर सारखी चाचणी लावली, आलेख आपोआप निघतो. कोनाड्यातून दारातून आत, पलंगावरून थेट खिडकी, असा सरळ मार्ग आहे. मध्ये काहीच नाही. आप्पा झोपलेले असतात, ते खालीच राहतात.

मी आले, दिवा लावला, आणि माझ्या डोळ्यांदेखत वेग निम्म्यावर आला. दिवा विझल्यावर पूर्ववत. दिव्याच्या ज्योतीनं असं होत नाही. दिवा हॉलमध्ये, स्वयंपाकघरात लावून बघितला, आकडा हलला नाही. खोलीत आणला की घसरला.

चंपाताईची वेगळीच तक्रार. आप्पा हल्ली भिंतीला चिकटून झोपतात. ती मध्ये आणते, ते पुन्हा सरकतात. एक अंग मेलेलं असताना सरकतात कसे, देव जाणे. अशानं पाठीला जखमा होतील म्हणाली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

घरी होते. दुपारीच मुद्दाम बघत बसले. दिवा लावला. आप्पांनी दाराकडे बघितलं, मान हलवली, उजव्या हातानं पत्र्याच्या पलंगाचा कठडा धरून अंग ओढलं आणि भिंतीला टेकले. मग मोकळ्या जागेवर हात थापटून म्हणाले, बसा.

आलेख खाली.

मी खुर्ची घेऊन पलंगाच्या पायथ्याशी बसले होते. मी मार्गात नव्हते. चंपाताई सुट्टीवर. मग चंपाताई परवा त्या जागी बसली होती तेव्हाचा आकडा काढून बघितला. तोच. एका बसलेल्या माणसाएवढा.

यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरा फोन लावला. तोच आकडा आला. मला भीती वाटली. लिहून टाकते, दिवसाढवळ्या स्वतःच्या घरात मला भीती वाटली.

आप्पांना विचारलं, कोण आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढंही दिसत नाही का हिला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल दिवा लावलाच नाही. आलेख तरीही खाली. आता दिवसाही खाली.

चंपाताईनं काम सोडलं. भरवायला म्हणून ती पलंगाच्या त्या बाजूला टेकली तर आप्पांनी तिला ढकललं. हातवारे करून सांगितलं म्हणे, उठा, भरलेली जागा आहे. आणि जेवतायत अर्धंच. अर्धं ताट शेजारी सरकवतात. तिनं हे मला चार दिवस सांगितलं नव्हतं. पगार घेतला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, बाई, म्हातारबाबांना घेऊन गावाकडं जावा.

आज ऑफिसातून चित्रात बघितलं, आप्पा कुणाशी तरी हसतायत. चित्र थांबलं. त्यांचं ते हसू तसंच माझ्या फोनवर—

१७ फेब्रुवारी, मंगळवार

रजा टाकली. अक्कांना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, दिवा कुठं आहे.

सांगितलं. तशा त्या रडायला लागल्या. मग सगळं सांगितलं. त्यांच्या सासूबाई त्याच खोलीत कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. हाक मारायच्या, जो तो कामात. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, पण जवळ बसायला कुणी नाही. गेल्या तेव्हा सगळं घर हॉलमध्ये होतं आणि कुणाला कळलं नाही. नंतर त्या घरभर जाणवायला लागल्या. मग गुरुजींनी हॉलमध्ये दिवा लावायला सांगितलं, म्हणजे त्या माणसांत येऊन बसतील. बसतात, कुणाला त्रास नाही. फक्त दिवा त्या खोलीत न्यायचा नाही. नव्या भाडेकरणीला हे कुठल्या तोंडानं सांगायचं, म्हणाल्या.

आणि मी स्वतःच्या हातानं त्यांना आप्पांच्या उशाशी नेऊन बसवलं.

दिवा परत कोनाड्यात लावला. राउटर दाराशी. खिडकीतला फोन चालू ठेवलाय. पुन्हा चाळीसच हवेत, ते ठाऊक आहे. वीस आहेत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हॉलमध्ये दिवा दिवसभर जळतोय. वीसच.

आता कळलं. दिवा हलवता येतो. पण आप्पांनी जागा दिलीय. एकदा बसमध्ये त्यांनी टोपलीवाल्या म्हातारीला बसवलं होतं, आणि फौजदार चढला. गावभर सांगत होते लोक, कृष्णात कंडक्टरनं फौजदाराला उभा नेला पण म्हातारीला उठवलं नाही.

अंग तापलंय त्यांचं. डॉक्टर येऊन गेले, छाती भरलीय म्हणाले, उद्या दवाखान्यात हलवू. घंटी वाजवायला बघत होते. मी काढून घेतली. एकदा ठीक. दोनदा वाजवली तर—

नाही. लिहिणार नाही.

मी आठ दिवस त्या आलेखाकडे बघत होते. त्यांच्याकडे कधी बघितलं? ती म्हातारी निदान जवळ बसली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आजही ऑफिसला गेले नाही. गाडी बोलावलीय दवाखान्यासाठी. अक्का होसकोट्याहून निघाल्यात, वाटेत गर्दीत अडकल्यात.

तोवर त्या जागेवर मीच बसते. जागा भरली की कुणाला बसता येणार नाही.

बसले. गादी ऊबदार आहे. कुणीतरी आत्ता उठून गेल्यासारखी.

आलेख वीसवरच. म्हणजे मध्ये एकच माणूस बसलंय, मी. गेली बाई. आप्पांचा हात हातात घेतलाय. सांगितलं त्यांना, आता मी इथंच बसणार, कॅमेरा काढून टाकते, नोकरी गेली खड्ड्यात. त्यांनी हात दाबला. रडायला येतंय. किती दिवसांनी त्यांच्याजवळ अशी—

आप्पा म्हणाले, सरका.

मला म्हणाले. मला ते असं कधी बोलत नाहीत, ते उतारूंना—

मला ओढतायत, भिंतीकडं. जागा करतायत.

आलेख पुन्हा निम्मा. दहा.

माझ्या पाठीमागं गादी दबली.

मागं बघणार नाही. आप्पा माझ्या खांद्यावरून बघतायत. मान हलवली. सगळे बसले का बघताना हलवायचे, तशी.

घंटी माझ्याजवळ आहे. उजवा हात मी घट्ट धरलाय. आता काही वाजवता येणार नाही त्यांना. अक्का येईपर्यंत फक्त—

डावा हात. त्यांचा डावा हात उचललाय. वर्षभर हलला नाही तो—

पलंगाच्या पत्र्यावर थाप मारली. एक.

आप्पा, थांबा. मी उतरते, आपण दोघं उतरू, आप्पा

हात पुन्हा वर—