बरं दादा, कळवते

॥ श्री ॥
कुकटपल्ली, हैदराबाद
९ जुलै २०००

ती. सौ. पद्मावहिनींस,
त्रिवेणीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. दादा दिवसभर गॅलरीत बसून असतात, दाढीसुद्धा करत नाहीत, हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. उभी हयात ज्या कारखान्याची ड्रॉइंग काढली, त्याला एका सकाळी कुलूप लागतं आणि मालक पुण्यात बसून म्हणतो की आता बाहेरचा माल स्वस्त पडतो. यावर माणसानं करावं तरी काय?

वहिनी, मी इथे काय उद्योग करते ते जरा नीट सांगते, म्हणजे तुम्हाला ते दादांच्या गळी उतरवता येईल. घरच्या कॉम्प्युटरवर मी एक मंडळ चालवते असं समजा. नाव ठेवलंय हुन्नर. हातात कसब आहे पण नोकरी नाही, अशी माणसं त्यात ई-मेलनं एकमेकांशी जोडलेली आहेत. कुणी भाषांतर करतं, कुणी ड्रॉइंग, कुणी टायपिंग. ज्या कंपन्यांना काम करून हवं असतं त्या मला कळवतात आणि मी दोघांची गाठ घालून देते. आमचे युवराज थट्टेनं याला वधूवर सूचक मंडळ म्हणतात. फोनची लाइन सारखी इंटरनेटला जुंपलेली, त्यामुळे सासूबाईंना त्यांच्या बहिणीशी बोलता येत नाही. त्या परेशान आहेत, पण रविवारी इथल्या कोठी भागातल्या इराणी हॉटेलात आम्ही हुन्नरवाले जमतो तेव्हा माझ्याबरोबर डबाभर शंकरपाळे त्याच देतात.

नियम एकच, पण तो मी कडक ठेवलाय. ज्याच्याबद्दल लबाडीची तक्रार येईल त्याला काढायचं आणि तसं सगळ्यांना नाव घेऊन कळवायचं. परदेशातली कंपनी आम्हाला न बघता काम देते ती याच भरवशावर.

दादांना कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकायला घाला. हात तोच, फक्त पेन्सिलीऐवजी माउस. पुढचं मी बघते.

राणी शाळेतून आली, आता हिचं खाणं बघायला हवं. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
त्रिवेणी


॥ श्री ॥
नांदेड
३ डिसेंबर २०००

चि. सौ. त्रिवेणीस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

अगं, तुझ्या दादांना ओळखायची नाहीस. क्लासात सगळी विशीतली पोरं आणि त्यात हे इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या बाकावर. पहिले आठ-पंधरा दिवस घरी येऊन कुरकुर केली की रेघ कागदावर उमटल्याचा आवाज येत नाही, मग ती निघाली हे कळायचं कसं. आता मात्र चांगला हात बसलाय. तू लावून दिलेलं सिंगापूरच्या पंपवाल्यांचं काम ते स्टेशनाजवळच्या इंटरनेट कॅफेत जाऊन पाठवतात. कॅफेवाला यांना काका म्हणतो आणि खिडकीजवळचं मशीन यांच्यासाठी राखून ठेवतो.

सकाळी उठून दाढी करतात. मी आतून आरशात हळूच बघते, नजर लागायला नको.

तुमच्या हुन्नरमधला तो गौतम म्हणून मुलगा आहे ना, तो सारखा यांना काही ना काही विचारत असतो. परवा जेवताना हे सांगत होते की पोरगं हुशार आहे, पण घाई करतं, मी त्याला तीनदा पुन्हा काढायला लावलं. सांगताना चेहऱ्यावर काय तेज आलं होतं म्हणून सांगू! आम्हाला पोटची मुलं नाहीत, पण तू लहान असताना तुला पाढे म्हणायला लावायचे तेव्हा अस्संच तोंड व्हायचं त्यांचं. मी या घरात आले तेव्हा तू फ्रॉकात होतीस. तुझ्या वेण्या मी घातल्या आणि तुझ्या कॉलेजसाठी त्यांनी सायकल विकली, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. पण आज म्हणते, तू त्यांचं सगळं पुरतं फेडलंस.

युवराजरावांना नमस्कार. राणीला मुका. आठवण ठेव, बाकी काही नको.

तुझी,
वहिनी


॥ श्री ॥
कुकटपल्ली
१७ जून २००१

ती. सौ. पद्मावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला हात उचलत नाही. दादांनी तुम्हाला सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून कळायला हवं.

गेल्या आठवड्यात सिंगापूरच्या कंपनीनं लिहिलं की त्यांच्या नव्या पंपाची ड्रॉइंग बाजारात येण्याआधीच दुसऱ्या कंपनीच्या हातात दिसली. ती काढली होती फक्त दादांनी. म्हणजे ती त्यांनीच विकली, असं कंपनीचं म्हणणं. दादांना काढून तसं सगळ्यांना कळवा, नाहीतर आम्ही हुन्नरला दिलेलं सगळं काम काढून घेतो, असं बजावलं.

वहिनी, आमच्यातल्या निम्म्या ड्रॉइंगवाल्यांची चूल त्या एका कंपनीवर पेटते. गौतमच्या बहिणीचं लग्न ठरलंय. मी तुमच्या शेजारच्यांच्या फोनवर दादांना बोलावून घेतलं आणि विचारलं. ते म्हणाले, मी कुणाला काही दिलेलं नाही. मी म्हटलं, बरं दादा, कळवते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादीतून हणमंतराव हे नाव काढलं आणि नियमाप्रमाणे हुन्नरच्या गटात तसं सगळ्यांना लिहिलं.

गौलीगुड्याचे एकनाथराव आमच्यात सगळ्यात वडील. त्यांनी मला फोन करून विचारलं की आधी चौकशी केलीत का, बाई. मी म्हटलं, दुसरा कुणी असता तर मी हेच केलं असतं, आणि माझा भाऊ आहे म्हणून थांबले तर उद्या माझ्यावर कोण विश्वास ठेवील. युवराजनाही हे पटलं. मला मात्र तेव्हापासून झोप नाही.

तुम्ही तरी समजून घ्या. दादांना सांगा की हे तात्पुरतं आहे.

माझ्यावरची माया कमी करू नका.

त्रिवेणी


नांदेड
३० जून २००१

चि. त्रिवेणीस,
आशीर्वाद.

तात्पुरतं म्हणतेस. कॅफेत जाऊन पाहिलं असतंस तर कळलं असतं. तुझं ते लिहिलेलं पडद्यावर आलं, कॅफेवाल्यानं वाचलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं की काका, हे तुमचंच नाव का. हे हो म्हणाले आणि पायी घरी आले. छत्री तिथंच राहिली. ती आणायला मी गेले.

तुझ्यावर रागावले असतील असं वाटत असेल तर तसं नाही. ते म्हणतात त्रिवेणीनं बरोबर केलं, नियम म्हणजे नियम. म्हणून आता मला राग धरावा लागतोय, घरात कुणीतरी धरायला हवा.

भाऊ म्हणून त्यांना सोड असं मी म्हणत नाही. पण हैदराबादहून नांदेड काही परमुलूख नाही. गाडीत बसून आली असतीस, त्यांच्यासमोर बसून विचारलं असतंस, मग काय काढायचं ते काढलं असतंस. तू फोनवर एक वाक्य विचारलंस, एक ऐकलंस आणि फोन ठेवून दिलास.

ते पुन्हा गॅलरीत बसतात.

वहिनी


॥ श्री ॥
कुकटपल्ली
११ ऑक्टोबर २००१

ती. दादांस,
त्रिवेणीचा शि. सा. नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायची हिंमत आज होते आहे. तुम्ही निर्दोष आहात. कंपनीच्याच एका इंजिनियरनं ती ड्रॉइंग बाहेर दिली होती. त्यांनी त्याला पकडलं आणि मला एक ओळ पाठवली की प्रकरण मिटलं आहे. तुमचं नाव नाही, माफी नाही, काही नाही. मी उलट लिहिलं तर उत्तरच आलं नाही.

मी गटात सगळ्यांना लिहिलं की हणमंतरावांची काही चूक नव्हती, चूक माझी आहे, मी चौकशी न करता त्यांना काढलं. त्या कंपनीचं काम आपण यापुढे घेणार नाही असंही लिहिलं. काही जण त्यामुळे सोडून गेले, जाऊ देत. एकनाथरावही गेले, पण ते जूनमध्येच, मला न सांगता. गौतम रोज विचारतो की दादा कधी येतात.

तुम्ही मला काहीही बोला. पण परत या. तुमच्याशिवाय रविवारी कोठीला जायला मला तोंड राहिलेलं नाही.

तुमची धाकटी,
त्रिवेणी


॥ श्री ॥
नांदेड
४ नोव्हेंबर २००१

चि. सौ. त्रिवेणीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मन मोकळे झाले. तू सगळ्यांसमोर लिहिलेस हे फार मोठेपणाचे आहे. मनाला लावून घेऊ नको.

मी आता नामदेवरावांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. खिळे, बिजागऱ्या, कड्या असा माल. गिऱ्हाईक समोर उभे असते, वस्तू हातात घेऊन बघते, पटली तर नेते. मला बरे वाटते.

परत येण्याचे म्हणशील तर मी प्रयत्न केला. गौतमने एक काम पाठवले होते, मशीनपुढे बसलो. पण प्रत्येक रेघेला मनात येई की याबद्दल उद्या कोण काय विचारील. अशा मनाने काढलेली रेघ कामाची नसते. गौतमला तसे कळवले आहे.

आता एकच सांगतो, मग हा विषय पुन्हा नको. तू विचारलेस याचे मला काही वाटले नाही, विचारायलाच हवे होते. पण मी उत्तर दिल्यावर तू म्हणालीस, बरं दादा, कळवते. कारखाना बंद झाला त्या दिवशी ऑफिसातल्या साहेबानेही आम्हाला असेच म्हटले होते की घरी जा, कळवतो. त्याच आवाजात. तो आवाज तुझ्याकडून येईल असे मनात नव्हते, इतकेच.

हुन्नर बंद करू नकोस. कितीतरी घरे चालतात. युवराजरावांस नमस्कार, राणीस आशीर्वाद. प्रकृतीस जपावे.

तुझा,
दादा


॥ श्री ॥
कुकटपल्ली
२० जानेवारी २००२

ती. सौ. पद्मावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुम्ही बांधून दिलेल्या तिळाच्या पोळ्या राणीनं गाडीतच संपवल्या.

तुमच्या घरी मला कुणी परकं केलं नाही. दादा स्टेशनवर घ्यायला आले, माझी पिशवी त्यांनीच उचलली. दुकानात नेऊन नामदेवरावांना सांगितलं की ही माझी बहीण, हैदराबादला मोठं काम चालवते. ते ऐकून मला वाटलं जमिनीत जावं, पण ते मनापासूनच बोलत होते. जेवताना मला आवडते म्हणून तुमच्याकडून खास आंबाडीची भाजी करून घेतली. युवराजची नोकरी, राणीचं गणित, कुकटपल्लीचं पाणी, सगळं विचारलं. हुन्नरचं नाव दोन दिवसांत एकदाही घेतलं नाही. निघताना फलाटावर मी तो विषय काढायला गेले, तर ते म्हणाले की सिग्नल पडला, आत बस, खिडकी राणीला दे.

वहिनी, मी आता नियम बदललाय. समोरासमोर बसून ऐकल्याशिवाय कुणालाही काढायचं नाही. गेल्याच महिन्यात एका बाईंबद्दल तक्रार आली म्हणून मी बसनं वरंगलला जाऊन आले. बाई अगदी सच्च्या निघाल्या. सगळ्यांनी फोन करून माझं कौतुक केलं. ते कौतुक ऐकवत नव्हतं, मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

एक मागते. त्यांना माझ्यावर एकदा रागवायला सांगा. लहानपणी रागावायचे तेव्हा अबोला धरायचे, पण दिवेलागणीला आपणच हाक मारायचे. मला ठाऊक असायचं, म्हणून मी उंबऱ्यावर बसून राहायची. आता ते रागावलेच नाहीत, वहिनी. मग मी कशाची वाट बघत बसू?

तुमचा राग मात्र अजून आहे, हे तुम्ही माझ्याकडे न बघता पोळी वाढलीत तेव्हाच मला कळलं. तो असू द्या. तेवढा तरी माझ्यासाठी ठेवा.

तुमची,
त्रिवेणी